तेरेखोल ते विजयदुर्ग: किनाऱ्यावरच्या गावांची नावं कुठून आली असावीत?

खाडीकाठ

मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्याला सिंधुदुर्गाचा समुद्र दिसत नाही. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी मागे पडतात आणि किनारा राहतो पश्चिमेला, मधे सडे (कातळाची पठारं), घाट्या आणि खाड्या. आत्ता आत्तापर्यंत यातली बरीच गावं एकमेकांशी रस्त्याने नव्हे, तरीने (खाडी ओलांडणाऱ्या होडीने) जोडलेली होती. या आडबाजूपणामुळे असेल, पण इथली नावं फारशी घासली गेली नाहीत. तरी एखाद्या नावाचा अर्थ विचारला की ठरलेलं उत्तर येतं: अमुक ऋषी इथे बसले, तमुक पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं, म्हणून हे नाव.

मला वाटतं या पट्ट्यातली बरीच नावं आधी पाण्यावरून दिलेली आहेत. होडीतून किनाऱ्याकडे येताना काय दिसतं? वाळूचा दांडा, रेव, खाडीचं मुख, कांदळाची झाडी, मिठाचे कुंड, उतरायची जागा. देव आणि राजे नंतर आले.

आता 'दांडा' घ्या. समुद्रात किंवा खाडीच्या मुखाशी लांबट पसरलेली वाळूची पट्टी म्हणजे दांडा. वेंगुर्ल्याला उभादांडा आहे, मालवणात दांडी आहे आणि तिथला देव दांडेश्वर. वर रायगडात जंजिऱ्याशेजारची जुन्या कागदांतली दंडा-राजपुरी, पालघरात केळवे-दांडा, मुंबईत खारदांडा. रेवदंड्यात तर रेव आणि दंडा दोन्ही आहेत. रेवतीवरून रेवदंडा हे मी लहानपणापासून ऐकतोय, पण मग रेवस आणि मालवणजवळची रेवंडी यांच्यासाठी आणखी दोन रेवती शोधाव्या लागतील!

कांदळगावात कांदळ आहे. खारेपाटणात खारं पाणी आहे आणि पाटण, म्हणजे पट्टण, आहे. वाघोटनच्या खाडीने भरतीचं पाणी आत चढतं आणि एकेकाळी गलबतं तिथवर जात. आज महामार्गावरचं बसथांब्याचं गाव म्हणून आपण खारेपाटण ओळखतो. शिलाहार रट्टराजाचा शके ९३० चा (इ.स. १००८) ताम्रपट तिथेच मिळाला आणि शिलाहारांचं बलिपत्तन म्हणजे हेच, असं काही अभ्यासक मानतात. ते खरं धरलं तर नावातला 'पत्तन' हजार वर्षं टिकला आणि पुढचा बळी तेवढा खाऱ्या पाण्यात विरघळला.

माझी एक कसोटी आहे. कुठलंही नाव एकटं सोडवायचं नाही. त्याच किनाऱ्यावरच्या भावंडांना ती व्युत्पत्ती लागू पडते का ते पाहायचं. पडली तर पुढे बोलू. तुमच्या गावाचं नाव टाका, सोबत तिथला भूगोलही टाका. दंतकथा चालतील, पण दंतकथा म्हणून.

सड्यावरचा_आंबा

धागा आवडला. मालवणापासून सुरू करा की. महालवण की माडबन?

खाडीकाठ

दोन्ही मला पटत नाहीत, पण आधी तुमचं ऐकू.

सड्यावरचा_आंबा

मी महालवणवाला. मालवणला मिठागरं होती, लवण म्हणजे मीठ, मोठं मिठागर ते महालवण, त्याचं मालवण. 'महा'चा 'मा' होणं मराठीत नवं नाही. त्यात काय खटकतं?

खाडीकाठ

खटकतं ते असं की मीठ पिकवणाऱ्यांनी त्याला लवण कधी म्हटलं? त्याच किनाऱ्यावर देवगडकडे मिठबाव आहे, मिठमुंबरी आहे. जिथे मिठावरून नाव पडलं तिथे लोकांनी सरळ 'मीठ' वापरलं. मग मालवणातच कोणी संस्कृत शब्दकोश उघडून बसलं होतं का? हां, एक वाट आहे. मराठीत लवण म्हणजे खोलगट, सखल जागाही. डोंगरातल्या लवणात शेत आहे असं आपण म्हणतो. त्या अर्थाने 'लवण' असेल तर मिठाची गरजच उरत नाही.

माडबनाचं म्हणाल तर राजापूर तालुक्यात जैतापूरजवळ माडबन नावाचं गाव आजही आहे. तिथे माडबनाचं माडबनच राहिलं. मग चार खाड्या ओलांडल्यावर त्याचं मालवण का व्हावं? ड चा ल होतो, मान्य, पण शेजारी तो झालेला नाही.

तरीवरचो_माणूस

माजां गाव देवगडाच्या बाजूक. मिठबावचो विषय निघालो म्हणान लिवतंय.

'मीठ' म्हटल्यार खारटच कित्याक? बाव म्हणजे विहीर. दर्याच्या कडेक विहीर खणली आणि पाणी गोडां लागलां तर गाव तीच गोष्ट लक्षात ठेवतलो ना? जुन्या लोकांच्या तोंडात 'मिठां पाणी' म्हणजे गोडां पाणी.

आता दुसरी गोष्ट. देवगडाक खाडयेच्या एका बाजूक तारामुंबरी आणि समोरच्या बाजूक मिठमुंबरी. दोन्ही मुंबरीच. मदी खाडी. आता थंय पूल झालो आसा, कुणकेश्वराक जातल्यांका बरां झालां, पण आदी तरीशिवाय वाट नाय होती. तर म्हणजे होडी लागता ती जागा, उतार. म्हणान मी म्हणतंय, जंय तर लागा ती तारामुंबरी आणि जंय मीठ ती मिठमुंबरी. तारा नावाची कोण बायल शोधूची गरज नाय.

देवगडाचोच वाडातर बघा. वाडा आणि तर. तुमच्या कसोटयेक लागता काय सांगा.

खाडीकाठ

लागतं, चांगलंच लागतं! आणि मग तारकर्लीही त्याच रांगेत येते. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथली तर, ती तारकर्ली. पर्यटनाच्या जाहिरातींत 'ताऱ्यांसारखी चमकणारी वाळू' वगैरे वाचून मी कंटाळलो होतो.

मिठाबद्दल भर घालतो. 'मीठ' हा शब्दच मुळात 'मिष्ट'वरून आलेला, म्हणजे चवदार, गोड. खारट वस्तूला आपण गोड नाव दिलं आहे. त्यामुळे मिठबाव खारी की गोडी हे नावावरून ठरणार नाही, विहिरीवरूनच ठरेल.

काटेरी_कर्ली

माझा आयडी बघून कळलंच असेल. कर्ली नदी माशावरून की मासा नदीवरून? :)

तरीवरचो_माणूस

काटे काढूक बसलास तर दोन्ही गोष्टी विसारतलस.

वखार१६

इतिहासाच्या बाजूने लिहितो. या किनाऱ्यावरच्या नावांची सगळ्यात जुनी परदेशी यादी पेरिप्लसमध्ये आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याची. कल्याणनंतर तो दक्षिणेकडे येतो: सेमिल्ला, मंदगोरा, पलैपत्मै, मेलिझिगारा, बायझँटिअन आणि पुढे. यातलं सेमिल्ला म्हणजे चौल, हे भक्कम आहे. कारण कान्हेरीच्या लेखांत 'चेमुल' येतं, टॉलेमीकडे 'सिमिल्ला', अरबांकडे 'सैमूर'. म्हणजे वेगवेगळ्या भाषांचे साक्षीदार एकाच गावाकडे बोट दाखवतात.

बाकीची नावं मात्र आवाजावरून चिकटवलेली आहेत. सगळ्यात गमतीचं बायझँटिअन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी भाषांतरकाराने ते विजयदुर्ग असावं म्हटलं आणि आजही लेखांतून ते फिरतं. पण विजयदुर्ग हे नाव शिवकालातलं! किल्ला १६५३ मध्ये घेतला, ते विजय संवत्सर होतं, म्हणून विजयदुर्ग, असं सांगतात. (शके १५७५ ला खरोखरच विजय संवत्सर येतं, पंचांगाचा हिशेब जुळतो.) त्याआधी तो घेरिया, आणि घेरिया हे शेजारच्या गिर्ये गावावरून. इंग्रजांच्या कागदांत १७५६ च्या लढाईतही 'घेरिया'च आहे. मग पहिल्या शतकातल्या ग्रीकाने सतराव्या शतकातलं नाव कसं ऐकलं?

गिर्ये मात्र अजून जागेवर आहे. किल्ल्याची नावं बदलली, गावाचं नाही बदललं.

सड्यावरचा_आंबा

म्हणजे 'दुर्ग' आणि 'गड' असलेली सगळी नावं वगळायची?

वखार१६

वगळायची नाहीत, ती वेगळ्या कप्प्यात ठेवायची. ती हुकमाने दिलेली नावं आहेत. सिंधुदुर्ग ज्या बेटावर १६६४ मध्ये बांधायला घेतला ते कुरटे बेट. किल्ल्याचं नाव इतकं मोठं झालं की १ मे १९८१ ला रत्नागिरीपासून वेगळा झालेला अख्खा जिल्हा त्या नावाने ओळखला गेला, आणि कुरटे फक्त अभ्यासकांना आठवतं. सरकारी कागदांत हे सगळे किल्ले 'जंजिरे सिंधुदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग' असे येतात. जंजिरा म्हणजे अरबी जझीरा, बेट. मुरुडचा किल्ला तेवढा नुसत्या 'जंजिरा'वर राहिला.

पण हुकूम नेहमी चालतोच असं नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' नाव दिलं. दुसऱ्याच वर्षी किल्ला परत गेला आणि ऑगस्टस इतिहासाच्या तळटीपेत. बाणकोटला त्यांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' केलं, ते नकाशांवर बराच काळ राहिलं, तरी होडीवाल्याला विचाराल तर तो बाणकोटच दाखवील.

अवांतर: उलटही झालेलं आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळांचं पठार आहे, त्याचं नाव 'आंग्रिया बँक'. ज्या आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणत, त्यांचं नाव इंग्रजी सागरी नकाशावर कायमचं बसलं. मला यात भारी समाधान वाटतं.

पेडण्याची_पोर

तेरेखोलबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला, म्हणजे तुमच्या बाजूला, पण तो गोव्यात. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतांकडून घेतला, तेव्हापासून हद्द तशीच. पलीकडे केरी.

'तीर खोल, म्हणून तेरेखोल' असं सगळे सांगतात. शाळेतही तेच सांगायचे. पण खोल म्हणजे आमच्याकडे दोन डोंगरांमधली खळगी, घळ. गोव्यात काणकोणला खोल नावाचा गाव आहे आणि सावंतवाडीजवळ माडखोल. माडखोलात माड, मग तेरेखोलात काय? पावसाळ्यात आमच्याकडे तेऱ्याची भाजी करतात, रानटी अळू. तेरं उगवतं ती खळगी, तेरेखोल. खाडीकाठ यांच्या कसोटीला हे 'तीर'पेक्षा जास्त उतरतं असं माझं मत. माड आणि तेरं, दोन्ही झाडं-पाल्याची नावं, आणि 'खोल' दोन्हीकडे एकाच अर्थाचं.

आणखी एक. पोर्तुगीजांच्या स्पेलिंगला हसायची पद्धत आहे, पण त्यांनी एक गोष्ट जपली. Pernem मधला शेवटचा m देवनागरीत लिहायचा तर तो अनुस्वार: पेडणें. मांद्रें, मोरजीं हे त्यांच्या लिपीतही m घेऊनच शेवट होतात. आम्ही अजून नाकातून बोलतो. तुमच्याकडेही पूर्वी वेंगुर्लें, पुणें, ठाणें असंच लिहायचे ना? १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो अनुस्वार काढला आणि आता लोकांना वेंगुर्ले हे अनेकवचन वाटतं.

प्रशासक (धागा व्यवस्था)

देवनागरीतच लिहावे ही विनंती. वरील प्रतिसादातील दोन रोमन अक्षरचिन्हे 'पेर्नेम' आणि 'म' अशी वाचावीत.

खाडीकाठ

तेऱ्याची खळगी मला फार आवडली. आणि अनुस्वाराचा मुद्दा नुसता उच्चाराचा नाही. वेंगुर्लें, परुळें, आचरें, हर्णें ही सगळी नपुंसकलिंगी एकवचनी नावं आहेत. 'वेंगुर्ल्यात', 'आचऱ्यात', 'परुळ्यात' हे सामान्यरूप त्यातूनच येतं. इंग्रजी 'वेंगुर्ला'वरून 'वेंगुर्लात' म्हणणारे बातमीदार पाहिले की वाईट वाटतं.

आजोळ_उभादांडा

वेंगुर्ल्याची कथा मी सांगते, दंतकथा म्हणूनच. सातेरी देवी जमिनीतून वर येऊ लागली, वाढतच चालली. तेव्हा भक्ताने तिला वेंगेत धरलं, म्हणजे मिठीत घेतलं, आणि ती तिथेच राहिली. वेंगेत उरलां तां वेंगुर्लां. आजी ही गोष्ट सांगताना हाताने वेंग करून दाखवायची. सातेरी म्हणजे वारूळ, वारूळ वाढतं, हे लक्षात घेतलं तर गोष्ट किती चपखल आहे बघा.

व्युत्पत्ती म्हणून मी तिच्या बाजूने भांडणार नाही. पण गोष्ट टाकून देऊ नका. नाव आधी असेल आणि गोष्ट मागाहून रचली असेल, तरी ती रचणाऱ्याला 'वेंग' हा शब्द जवळचा होता आणि सातेरी वारुळात असते हे माहीत होतं. पुराणातल्या ऋषीपेक्षा हे पुष्कळ घरचं आहे.

वखार१६

सहमत. वेंगुर्ल्याच्या नावाचे परदेशी अवतारही नोंदवून ठेवतो. सतराव्या शतकात डचांची तिथे वखार होती, भिंती अजून उभ्या आहेत. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये त्याला 'मिंग्रेला' म्हणतो. 'व'चा थेट 'म'! समजा फक्त ताव्हर्नियेचं पुस्तक उरलं असतं आणि गाव बुडालं असतं, तर आपण आज मिंग्रेलावरून मंगळाची व्युत्पत्ती लावत बसलो असतो. म्हणूनच पेरिप्लसच्या पलैपत्मैवर मी फार भार टाकत नाही.

समोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्सना सागरी नकाशांत 'बर्न्ट आयलंड्स' म्हणतात, पोर्तुगीजांकडेही 'जळकी बेटं' अशाच अर्थाचं नाव आहे. हेही पाण्यावरून दिलेलं नाव. काळेकभिन्न खडक लांबून जळल्यासारखे दिसतात, जमिनीवरून कोणाला ते सुचलं नसतं.

सड्यावरचा_आंबा

मग रेडीचं रेवतीद्वीप तरी शिल्लक ठेवणार की नाही? ऐहोळेच्या प्रशस्तीत आहे ते!

वखार१६

ठेवतो की. इ.स. ६३४ चा तो लेख चालुक्य मंगलेशाने रेवतीद्वीप घेतल्याचं सांगतो आणि ते रेडी, हे अभ्यासकांनी बरंच मान्य केलेलं आहे. इथे लेख आधी आहे, कथा नंतर. माझी हरकत उलट्या क्रमाला असते. एवढंच की रेवतीचं 'रेडी' होताना त चा ड का झाला हे कोणीतरी नीट दाखवायला हवं.

काटेरी_कर्ली

खाडीकाठ, तुमच्या कसोटीचा एक बळी देतो. मालवण तालुक्यातल्या तोंडवलीला सगळे 'खाडीचं तोंड' म्हणतात. तळाशीलची पट्टी, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, त्यामुळे पटतंही. पण कणकवली तालुक्यात, समुद्रापासून लांब, दुसरी तोंडवली आहे. तिथे कसलं तोंड? मला वाटतं दोन्हीकडे तोंडलीचा वेल आणि मागे 'वली', म्हणजे पल्ली, वस्ती. कणकवली, चिंचवली यांच्यासारखी. पाण्याचा मोह तुम्हालाही होतोच.

खाडीकाठ

चपराक बसली, पण माझ्याच काठीने, त्यामुळे तक्रार नाही. तोंडवली वेलीची.

पेडण्याची_पोर

देवबागचं काय? देवाची बाग?

वखार१६

'बाग' फारसी. म्हणजे हे रूप मुसलमानी सत्तेच्या आधीचं नसणार, एवढं तरी सांगता येतं. अलिबागही तसंच. त्या अलीबद्दल दोन कथा आहेत, एकीत तो श्रीमंत मुसलमान, दुसरीत बेने इस्रायली बागाईतदार. दोन्हीत तो विहिरी खणतो आणि झाडं लावतो. नावातला उसना शब्द नाव केव्हाच्या आधीचं नाही ते सांगतो, ही युक्ती 'बंदर', 'पेठ', 'जंजिरा' सगळ्यांना लावता येते.

तरीवरचो_माणूस

देवबागाचा नाव निघालां म्हणान सांगतंय. थंय आता एक नवीन नाव झालां आसा. कर्ली नदी दर्याक मिळता थंय रेतीचो पट्टो आसा, तेका सगळे 'सुनामी बेट' म्हणतत. २००४ च्या सुनामीत वर इलां म्हणतत. पयली त्या भागात रेती नाय होती की काय? वाळू दरवर्षी हालता. पण पर्यटक होडयेत बसले की होडीवालो 'सुनामी'च म्हणतलो, कारण त्या नावान पैसे गावतत. बोर्डार तां नाव, मोबाईलच्या नकाशार तांच नाव. सिंधुदुर्गाकडे बुडी मारूक नेतत त्या जाग्याक 'किंग्ज गार्डन' म्हणतत. थंयसर कोळ्यांची जुनी नावां होती, खडकाखडकाक.

म्हणजे नाव होडयेतसूनच पडता ह्या तुमचां म्हणणां खरां. होडी कोणाची ह्या बघूक व्हया.

आजोळ_उभादांडा

त्या खडकांच्या नावांची यादी कोणी करत असेल तर सांगा. मोरयाचा धोंडा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा तिथे झाली असं सांगतात. पण जाळी अडकतात ते, बांगडा लागतो ते, ओहोटीलाच दिसतात ते, यांची नावं फक्त रापणीवाल्यांच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या) तोंडी आहेत.

गावातल्या वाड्यांचं थोडं बरं आहे, कारण गाऱ्हाणं घालताना त्या घ्याव्या लागतात. देवळात उभं राहून गावकर 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो आणि सीमेवरचा प्रत्येक देवचार (राखणदार), प्रत्येक वाडीचा वस, एकेक नाव घेऊन पुकारतो, बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. एकही नाव गाळायची सोय नाही, गाळलं तर तो देव रागावेल. सातबाऱ्यावर नसलेली ठिकाणं मी गाऱ्हाण्यात ऐकली आहेत.

खाडीकाठ

मग गाऱ्हाणी ध्वनिमुद्रित करू या. ज्यांच्या देवळात परवानगी मिळेल त्यांनी दहीकाल्याच्या वेळी मोबाईलवर घ्या. लिहून काढायचं काम माझ्याकडे. वाडीचं नाव, देवाचं नाव आणि जागा खाडीच्या किंवा समुद्राच्या कोणत्या बाजूला, एवढं सोबत लिहा. रापणीवाल्यांच्या खडकांसाठी नवीन धागा काढतो, तिथे जागेची खूण फार नेमकी देऊ नका. चांगली मासेमारीची जागा जगजाहीर केली तर ते आपल्याशी पुन्हा बोलणार नाहीत.

तरीवरचो_माणूस

आमच्या देवळातला मी घेतंय. गावकर काका हो म्हणाले, पण देवाक कौल लावून मगे.